वर गेल्यावर डिटेक्टरचं काय होतं? (हबल, चंद्रा, अ‍ॅस्ट्रोसॅट वगैरे)

पुनर्वसू (धागाकर्ता)

अवकाशातल्या दुर्बिणींबद्दल कुठेही वाचा, कौतुक आरशाचं असतं. हबलचा २.४ मीटर, जेम्स वेबचा साडेसहा मीटर, आणि विषय तिथेच संपतो. पण आरसा प्रकाश गोळा करून फक्त एका जागी आणून सोडतो, तो मोजायचं काम मागे बसलेली तळहातापेक्षा लहान चिप करते, आणि ती चिप कक्षेत पोचल्या दिवसापासून झिजायला लागते. या झिजण्याचा हिशोब कसा ठेवतात यावर बोलायला हा धागा काढतोय, कारण मला मनापासून असं वाटतं की अवकाश खगोलशास्त्रातलं सगळ्यात चिकाटीचं काम हेच आहे आणि त्याबद्दल मराठीत जवळजवळ काहीच लिहिलं जात नाही.

सुरुवात हबलच्या एसीएस कॅमेऱ्यापासून करतो. मार्च २००२ मध्ये अंतराळवीरांनी तो बसवला. त्याच्या मुख्य भागात दोन सीसीडी, म्हणजे प्रकाश मोजणाऱ्या सिलिकॉनच्या चिप, शेजारी शेजारी आहेत, प्रत्येकी २०४८ गुणिले ४०९६ पिक्सेल. फोटॉन सिलिकॉनवर पडला की इलेक्ट्रॉन सुटतो आणि त्या पिक्सेलमध्ये साठतो, इथपर्यंत सोपं आहे. खरी गंमत एक्स्पोजर संपल्यावर आहे. मोजणारा अ‍ॅम्प्लिफायर चिपच्या कोपऱ्यात असतो, म्हणून प्रत्येक पिक्सेलमधले इलेक्ट्रॉन ओळीओळीने सरकवत तिथपर्यंत न्यावे लागतात. स्लॅब टाकताना माणसं रांगेत उभी राहून घमेली हातोहात पुढे देतात, तसंच. सगळ्यात लांबच्या पिक्सेलचा माल दोन हजारांवर हात बदलून पोचतो. नवीन चिपमध्ये प्रत्येक हाताला सांडणारा भाग इतका नगण्य असतो की दोन हजार हातांनंतरही फरक कळत नाही.

पण वर प्रोटॉनचा मारा सतत चालू असतो. एखादा वेगवान प्रोटॉन सिलिकॉनच्या जाळीतला अणू जागेवरून उडवतो, तिथे पोकळी राहते, ती फिरत फिरत चिप बनवताना मिसळलेल्या फॉस्फरसच्या अणूशी जोडली जाते आणि तयार होतो एक ट्रॅप. आता शेजारून इलेक्ट्रॉन चालले की हा ट्रॅप त्यातला एखादा धरून ठेवतो आणि थोड्या वेळाने सोडतो, तोपर्यंत बाकीचा घोळका पुढे गेलेला असतो. मग सुटलेला इलेक्ट्रॉन मागच्या पिक्सेलमध्ये मोजला जातो. असे ट्रॅप चिपभर झाले की प्रत्येक ताऱ्याच्या मागे, अ‍ॅम्प्लिफायरच्या उलट दिशेला, एक फिकट शेपूट दिसायला लागते. याला सीटीई कमी होणं म्हणतात, म्हणजे चार्ज पुढे नेण्याची कार्यक्षमता घटणं.

परिणाम फक्त दिसण्यापुरता नाही. तारा आहे त्यापेक्षा मंद मोजला जातो, त्याची जागा किंचित सरकते, दीर्घिकेचा आकार ओढल्यासारखा होतो. कृष्णद्रव्याचा नकाशा दूरच्या दीर्घिकांच्या आकारातल्या अगदी बारीक ताणावरून काढतात, तिथे चिपने स्वतःच ताण घातला तर सगळंच मुसळ केरात.

यावर जो उपाय निघाला तो मला फार आवडतो. अँडरसन आणि बेडिन यांनी २०१० मध्ये शटर बंद ठेवून घेतलेले डार्क फ्रेम तपासले. त्यात जे खराब, थोडे तापलेले पिक्सेल होते त्यांच्या मागेसुद्धा शेपट्या होत्या. मूळ ठिपका एकाच पिक्सेलचा असणार हे पक्कं माहीत, म्हणजे मागे जे काही सांडलंय ते सगळं ट्रॅपचंच. त्या शेपट्यांवरून किती चार्ज असताना किती अडकतं आणि किती मागे जाऊन सुटतं याचं मॉडेल बनवलं आणि ते उलट चालवून प्रत्येक फोटोतले इलेक्ट्रॉन आपापल्या पिक्सेलमध्ये परत नेले. खराबीचं मोजमाप खराब पिक्सेलकडूनच घेतलं.

चंद्रा, वेब, आपलं अ‍ॅस्ट्रोसॅट यांच्याबद्दल ज्यांना माहिती आहे त्यांनी जरूर भर घाला.

निशाचर

छान धागा. एक विचारते. आम्ही वांगणीला आकाश बघायला जातो तेव्हा कूल्ड कॅमेरा वापरतो, त्यातही हॉट पिक्सेल असतात, आम्ही डार्क घेऊन वजा करतो आणि काम भागतं. हबलला तसं का पुरत नाही? आणि ते प्रोटॉन नेमके येतात कुठून, हबल तर जेमतेम पाचशे किलोमीटरवर आहे, तिथे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र वाचवत नाही का?

पुनर्वसू

निशाचरताई, दोन्ही प्रश्न मोलाचे आहेत.

हॉट पिक्सेल म्हणजे अंधारातही स्वतःहून इलेक्ट्रॉन टाकणारा पिक्सेल. ती बेरीज आहे, म्हणून डार्क वजा केला की जाते, आणि हबलवरही तेच करतात. शिवाय दर महिन्याला सीसीडीचं कूलिंग बंद करून चिप साधारण खोलीच्या तापमानाला आणतात, याला अ‍ॅनीलिंग म्हणतात, त्यात नवीन झालेले बहुतेक हॉट पिक्सेल पुन्हा ठीक होतात. एरवी एसीएसची चिप उणे ८१ अंशावर असते (२००६ आधी उणे ७७ वर होती). पण सीटीईवाले ट्रॅप या अ‍ॅनीलिंगने जात नाहीत, त्यांना हलवायला खूपच जास्त उष्णता लागते, तेवढी वर देता येत नाही. आणि सीटीईचं नुकसान बेरीज-वजाबाकीचं नाही. तारा किती तेजस्वी, अ‍ॅम्प्लिफायरपासून किती लांब, मागचं आकाश किती उजळ, या तिन्हीवर ते अवलंबून असतं. तेजस्वी ताऱ्याचे चार इलेक्ट्रॉन अडकले तर काही बिघडत नाही, पण ज्याचे एकूण वीसच इलेक्ट्रॉन आलेत त्याचं मोठं नुकसान. म्हणजे ज्या मंद गोष्टी बघायला हबल वर पाठवलं त्यांनाच सगळ्यात जास्त फटका.

चुंबकीय क्षेत्र वाचवतं, पण सगळीकडे सारखं नाही. दक्षिण अटलांटिक आणि ब्राझीलच्या वर ते कमजोर आहे, तिथे पृथ्वीभोवती अडकलेल्या वेगवान कणांचा आतला व्हॅन अ‍ॅलन पट्टा बराच खाली येतो. हबलची कक्षा विषुववृत्ताशी साडेअठ्ठावीस अंश कललेली आहे, त्यामुळे दिवसातल्या पंधरा प्रदक्षिणांपैकी निम्म्याच्या आसपास त्या पट्ट्याला लागून किंवा त्यातून जातात. तेवढा वेळ निरीक्षण बंद. कॅमेरा बंद ठेवला म्हणून चिपला मार बसायचा राहत नाही, ती तिथेच असते.

कोकणकडा

हा धागा म्हणजे मेजवानी. मी वाचलं होतं की हबलच्याच डब्ल्यूएफसी३ कॅमेऱ्यात मुद्दाम एलईडी लावून चिपवर प्रकाश टाकतात. हे खरं असेल तर मला समजत नाही, एवढी उठाठेव करून अंधारात दुर्बीण नेली आणि आता आपणच उजेड पाडायचा?

पुनर्वसू

खरं आहे, त्याला पोस्ट-फ्लॅश म्हणतात. डब्ल्यूएफसी३ मे २००९ मध्ये बसवला आणि २०१२ पासून ही सोय वापरात आहे. एक्स्पोजर झालं की रीडआउटच्या (चार्ज मोजून घेण्याच्या) आधी एलईडीने प्रत्येक पिक्सेलमध्ये अगदी थोडे, दहा-वीस इलेक्ट्रॉन टाकायचे. ट्रॅप त्यांनीच भरून जातात आणि ताऱ्याचे इलेक्ट्रॉन मोकळे पुढे जातात. यात नॉइज वाढतो, फुकट काही मिळत नाही, पण फिल्टर अतिनील किंवा नॅरोबँड (अगदी अरुंद रंगपट्ट्याचा) असेल तर मागचं आकाश इतकं काळं असतं की पोस्ट-फ्लॅश न करता मंद तारा पूर्णच गिळला जाऊ शकतो. थोडा नॉइज पत्करून तारा वाचवणं केव्हाही बरं.

चार्ल्सकाठी

चंद्राची गोष्ट मी सांगतो, कारण ती या सगळ्यात थरारक आहे.

चंद्रा क्ष-किरण दुर्बीण जुलै १९९९ मध्ये कोलंबिया शटलमधून गेली. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचं नाव दिलेली म्हणून आपल्याकडे तिचं कौतुक जास्तच. तिची कक्षा हबलसारखी जवळची नाही, लांबोळकी आहे, प्रदक्षिणेला सुमारे ६४ तास आणि प्रत्येक फेरीत ती व्हॅन अ‍ॅलन पट्ट्यांतून आत-बाहेर करते. एसीआयएस नावाच्या उपकरणात दहा सीसीडी आहेत. सप्टेंबर ९९ मध्ये, म्हणजे पुरते दोन महिनेसुद्धा झाले नव्हते, तेव्हा लक्षात आलं की दहापैकी आठ चिपची सीटीई एकदम ढासळलीय.

कारण असं निघालं की क्ष-किरण आरशावर समोरून आपटले तर आरपार जातात किंवा शोषले जातात, म्हणून चंद्राचे आरसे नळकांड्यासारखे आहेत आणि किरण त्यांना अगदी निसटता स्पर्श करून वळतात. तसेच मंद ऊर्जेचे, साधारण शंभर किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या पुढेमागे असलेले प्रोटॉनसुद्धा निसटते वळून थेट चिपवर येत होते. बाजूने जाड कवच होतं, पण हे समोरून, दुर्बिणीच्या तोंडातूनच आत आले. मंद असल्यामुळे ते चिपमध्ये खोल जात नाहीत, वरच्या थरातच थांबतात, आणि समोरून प्रकाश घेणाऱ्या चिपमध्ये इलेक्ट्रॉन वाहून नेणारा मार्ग नेमका त्याच थरात असतो. उरलेल्या दोन चिप पाठीकडून प्रकाश घेणाऱ्या, त्यांचा मार्ग पलीकडच्या बाजूला, म्हणून त्या वाचल्या.

पुनर्वसू यांनी अ‍ॅनीलिंगचं लिहिलंय, तर इथे उलटा अनुभव आला. चंद्राच्या चिप अधिक ३० अंशांपर्यंत तापवून बघितल्या आणि नुकसान भरून यायच्या ऐवजी वाढलं. मग दोन गोष्टी केल्या. पट्टा जवळ आला की एसीआयएस फोकसमधून बाजूला सरकवून ठेवायचं, आणि चिप उणे १२० अंशांपर्यंत थंड करायची, कारण त्या तापमानाला ट्रॅप इलेक्ट्रॉनला इतका वेळ धरून ठेवतात की एकदा भरलेला ट्रॅप पुढच्या घोळक्याला त्रास देत नाही. त्यानंतर बिघाडाचा वेग एकदम खाली आला. डिसेंबर ९९ मध्ये युरोपची एक्सएमएम-न्यूटन गेली ती हे शिकूनच गेली, पट्ट्यात असताना तिच्या कॅमेऱ्यांपुढे फिल्टर व्हील बंद स्थितीत ठेवतात. एका दुर्बिणीचं दुखणं दुसरीला उपयोगी पडलं याचं मला फार समाधान वाटतं.

कोकणकडा

मग वेबला काय, ती तर पंधरा लाख किलोमीटरवर, पट्टेच नाहीत तिथे.

चार्ल्सकाठी

पट्टे नाहीत पण कॉस्मिक किरण आहेत आणि सूर्याची वादळं आहेत. फरक असा की वेबचे जवळच्या अवरक्तातले डिटेक्टर सीसीडी नाहीतच. मर्क्युरी कॅडमियम टेल्युराइडचा थर आणि खाली प्रत्येक पिक्सेलला स्वतःचं वाचन सर्किट. माल कुठे सरकवायचाच नाही त्यामुळे सीटीईचं दुखणंच नाही. शिवाय चार्ज न सांडता परत परत वाचता येतो, म्हणून एकाच एक्स्पोजरमध्ये पिक्सेल कसा भरत गेला याचा चढता आलेख मिळतो. मध्येच कॉस्मिक किरण आपटला तर आलेखात उडी दिसते, सॉफ्टवेअर ती ओळखून बाजूला काढतं आणि उरलेला चढ वापरतं. त्यांच्या डोकेदुख्या वेगळ्या, मोठे गोल डाग येतात त्यांना स्नोबॉल नाव दिलंय, तेजस्वी ताऱ्याची फिकट छाप पुढच्या फोटोत उरते, आडव्या पट्ट्यांचा नॉइज येतो.

मृगाची_सर

केपलरचं, म्हणजे इतर ताऱ्यांभोवतीचे ग्रह शोधणाऱ्या दुर्बिणीचं, मी थोडक्यात टाकते. ४२ सीसीडी, २१ मॉड्यूलमध्ये बसवलेले. जानेवारी २०१० मध्ये एक आख्खं मॉड्यूल गेलं. आता केपलर दर तीन महिन्यांनी स्वतःला ९० अंशात फिरवायची, सौरपॅनल सूर्याकडे राहावेत म्हणून. त्यामुळे मेलेला तुकडा आकाशाच्या एकाच कोपऱ्यावर कायम राहिला नाही, आळीपाळीने चार ठिकाणी गेला. ज्या ताऱ्यांवर तो यायचा त्यांची वर्षातली एक तिमाही रिकामी. ग्रह शोधताना लाइटकर्व्हमध्ये (ताऱ्याच्या तेजाच्या आलेखात) ही भोकं दिसतात, ती सोडून गणित करावं लागतं.

पण मला खरं तर अ‍ॅस्ट्रोसॅटबद्दल ऐकायचंय, कुणीतरी लिहा.

अनुराधा_नक्षत्र

मी लिहिते, हा माझा जिव्हाळ्याचा विषय.

अ‍ॅस्ट्रोसॅट हा भारताचा खगोल निरीक्षणाचा उपग्रह २८ सप्टेंबर २०१५ ला श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही सी-३० ने गेला. कक्षा ६५० किलोमीटरवर आणि विषुववृत्ताशी फक्त सहा अंशांचा कल. वर दक्षिण अटलांटिकचं बोलणं झालं ना, तर या कमी कलामुळे अ‍ॅस्ट्रोसॅट त्या भागाच्या नुसत्या कडेने जातो. ही कक्षा फार विचार करून निवडलेली आहे.

त्यावरची यूव्हीआयटी म्हणजे अतिनील दुर्बीण, बंगळुरूची आयआयए, आपली पुण्याची आयुका, मुंबईची टीआयएफआर, इस्रो आणि कॅनडाची अंतराळ संस्था यांनी मिळून केलेली. आरसे फक्त साडेसदतीस सेंटिमीटरचे, दोन जुळ्या दुर्बिणी. आणि डिटेक्टर सीसीडी नाही, एकेक फोटॉन मोजणारा आहे. फोटॉन आधी फोटोकॅथोडवर पडतो, तिथून एक इलेक्ट्रॉन सुटतो, तो मायक्रोचॅनेल प्लेटच्या बारीक नळ्यांमध्ये जोरदार व्होल्टेजखाली भिंतींवर आपटत आपटत इलेक्ट्रॉनांचा लोंढा तयार करतो, तो लोंढा फॉस्फरवर पडून ठिणगी उमटते आणि खालचा ५१२ गुणिले ५१२ चा सीमॉस सेन्सर त्या ठिणगीचा फोटो घेतो, सेकंदाला सुमारे २९ वेळा. एक पिक्सेल आकाशातला तीन आर्कसेकंदांहून मोठा भाग बघतो, पण ठिणगी अनेक पिक्सेलवर पसरते आणि तिचा मध्य काढता येतो, म्हणून प्रत्यक्ष रिझोल्यूशन दीड आर्कसेकंदाच्या आसपास मिळतं.

यात चार्ज सरकवताना होणाऱ्या नुकसानीचा प्रश्न उरत नाही, कारण लोंढा इतका मोठा असतो की दोन-चार इलेक्ट्रॉन इकडेतिकडे झाले तरी फोटॉन आला हे कळतंच. रीड नॉइजही (चिप वाचताना होणारी गडबड) मोजणीत शिरत नाही. हाच तिचा मोठा गुण. आयुकाच्या कनक साहा यांच्या टीमने २०२० मध्ये एयूडीएफएस०१ ही दीर्घिका जाहीर केली, ९३० कोटी प्रकाशवर्षांवरची, तिच्यातून निसटलेले अतितीव्र अतिनील किरण यूव्हीआयटीने पकडले होते. निरीक्षण ऑक्टोबर २०१६ मधलं, २८ तासांहून जास्त, आणि ते किरण खरोखर त्याच दीर्घिकेचे आहेत याची खात्री करायला जवळजवळ दोन वर्षं गेली. हबलचा आरसा सहा पटींहून मोठा, पण त्या तरंगलांबीत त्याच्या डिटेक्टरचा पार्श्वभूमी नॉइज जास्त, म्हणून हा मंद प्रकाश त्याला दिसला नाही. पुनर्वसू, तुमच्या धाग्याचा मुद्दा सिद्ध करायला याहून चांगलं उदाहरण मला सुचत नाही.

कोकणकडा

अनुराधाताई, अंगावर काटा आला वाचून. पण मग सगळीकडे हेच का नाही लावत? सीसीडी वापरायचेच कशाला?

अनुराधा_नक्षत्र

कारण याच्याही मर्यादा आहेत. एका फ्रेममध्ये एकाच जागी दोन फोटॉन आले तर एकच ठिणगी दिसते आणि एकच मोजला जातो, म्हणजे तेजस्वी तारे कमी भरतात, गणिताने दुरुस्ती करावी लागते आणि तीही एका मर्यादेपर्यंतच चालते. फार तेजस्वी तारा चुकून समोर आला तर डिटेक्टर कायमचा खराब होऊ शकतो, म्हणून प्रत्येक प्रस्ताव आधी तपासतात की आकाशाच्या त्या भागात असा तारा नाही ना, आणि तरीही जास्त प्रकाश आला तर उपकरण स्वतःहून व्होल्टेज खाली आणतं. शिवाय फोटोकॅथोडवर पडणाऱ्या सगळ्याच फोटॉनमागे इलेक्ट्रॉन सुटत नाही, दृश्य प्रकाशात चांगला सीसीडी त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त फोटॉन पकडतो. अतिनीलात मात्र फोटोकॅथोडला दृश्य प्रकाश दिसतच नाही हा मोठा फायदा, नाहीतर जवळच्या साध्या पिवळ्या ताऱ्यांचा उजेड सगळं बुडवून टाकेल.

आणि हाय व्होल्टेजवर चालणारी वस्तू म्हणजे जोखीम आलीच. मार्च २०१८ मध्ये यूव्हीआयटीचा जवळच्या अतिनीलाचा चॅनेल बंद पडला तो पडलाच. लांबच्या अतिनीलाचा चालू राहिला. मला तेव्हा खूप वाईट वाटलं होतं, कारण दोन्ही चॅनेल एकाच वेळी बघणं ही या दुर्बिणीची खासियत होती, ताऱ्याचं तापमान दोन्हीच्या तुलनेतून थेट निघायचं. नंतर ज्यांना वेळ मिळाला त्यांना एकाच बाजूवर भागवावं लागलं.

निशाचर

सेन्सिटिव्हिटी कमी होतेय की नाही हे वर असताना कसं कळतं? आमच्याकडे आम्ही फ्लॅट पॅनल (सगळीकडे सारखा उजेड देणारा फलक) लावतो, तिथे कोण लावणार?

अनुराधा_नक्षत्र

ज्यांचं तेज पक्कं माहीत आहे असे तारे बघायचे. यूव्हीआयटीसाठी वृषभेतला एचझेड४ हा श्वेतबटू प्रमाण म्हणून वापरला. आणि एनजीसी १८८ हा जुना तारकागुच्छ, तो ध्रुवताऱ्याजवळ असल्यामुळे वर्षभर कधीही बघता येतो, त्याचे तेच तेच तारे वारंवार मोजायचे. तेज कमी भरायला लागलं तर एक तर डिटेक्टर थकतोय किंवा आरशावर काहीतरी बसतंय. अतिनीलात नुसता अणूंचा पातळ थर बसला तरी प्रकाश शोषला जातो, म्हणून वर गेल्यावर दुर्बिणीचं झाकण लगेच उघडलं नव्हतं, उपग्रहातले वायू बाहेर निघून जाईपर्यंत दोन महिने वाट पाहिली होती.

पुनर्वसू

अनुराधा, फार सुंदर लिहिलंत, हेच हवं होतं. साचण्याबद्दल एक पुरवणी: युक्लिड या युरोपच्या दुर्बिणीवर असंच पाण्याचं बर्फ साचलं होतं, मार्च २०२४ मध्ये एकच आरसा ३४ अंशांनी गरम केला आणि प्रकाश १५ टक्के वाढला. गरम केल्यावरही तो आरसा उणे ११३ ला होता.

मृगाची_सर

हे सगळं आपल्याला स्वतःला बघता येईल का? म्हणजे त्या शेपट्या. फोटो तर सगळे साफ केलेलेच येतात.

पुनर्वसू

येतं ना. हबलचा डेटा मास्ट अर्काइव्हवर (दुर्बिणींच्या डेटाचं ऑनलाइन भांडार) सगळ्यांना खुला आहे. एसीएसचं कुठलंही निरीक्षण निवडा, त्याच्या फाइलींमध्ये एक एफएलटी असते आणि एक एफएलसी. पहिलीत सीटीईची दुरुस्ती नाही, दुसरीत आहे. दोन्ही डीएस९ या खगोल फोटो बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये शेजारी उघडा, स्केल लॉगवर ठेवा आणि दोन चिपच्या मधल्या फटीजवळ बघा, कारण अ‍ॅम्प्लिफायर बाहेरच्या कोपऱ्यांत आहेत आणि तो भाग त्यांच्यापासून सगळ्यात लांब. २००२ चं एक आणि अलीकडचं एक असं घेतलंत तर झीज किती झालीय ते डोळ्यांनीच कळेल. अ‍ॅस्ट्रोसॅटचा डेटासुद्धा इस्रोच्या अ‍ॅस्ट्रोब्राउझवर नोंदणी करून मिळतो.

निशाचर

४७ टुकाने हा गोलाकार गुच्छ घेतेय, त्याची निरीक्षणं दोन्ही काळातली मिळतील असं वाटतंय. त्याच फिल्टरची जोडी सापडली की क्रॉप करून इथेच टाकते.

पुनर्वसू

उत्तम निवड. फक्त एक्स्पोजर टाइम दोन्हीत सारखा घ्या आणि शक्य तितका कमी, मागचं आकाश उजळ असेल तर शेपट्या झाकल्या जातात.